इटलीतली जुनी गावं, दिवाळीच्या आधी, आईला घेऊन: कुठे राहायचं आणि काय बघायचं?

मुलुंडची_भटकी

नमस्कार मंडळी, यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे म्हणून त्याच्या आधी, म्हणजे साधारण २० ऑक्टोबरनंतर निघायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फराळ करायला घरी परत, असा इटलीचा बेत चाललाय. मी, नवरा आणि आई. आई ६८ वर्षांची आहे, शाळेत इतिहास शिकवायची, अजूनही तिला बाणगंगेला नेलं की आमच्याआधी तीच पायऱ्यांवरच्या दीपमाळांपाशी थांबते आणि आम्हाला हलू देत नाही. त्यामुळे तिला इटली दाखवायची तर नीट दाखवायची असं माझ्या मनात आहे.

टूरवाल्यांचे प्रोग्रॅम बघितले, सगळे रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस एका आठवड्यात उरकतात, बसमधून उतरा फोटो काढा परत चढा. ते नकोय. आम्हाला दोन-तीन जुनी गावं हवीत जिथे दोन-तीन रात्री राहता येईल, सकाळी गल्ल्यांतून हिंडता येईल, एखादं चर्च किंवा चौक तासभर बसून बघता येईल, आणि संध्याकाळी परत त्याच चौकात येऊन कॉफी पिता येईल. रोमला पहिले दोन दिवस ठेवलेत, ते मला जमेल, त्यापुढचं सांगा.

अडचणी अशा की आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती कितीही चालते पण जिने म्हटलं की एक-दोन मजले, तेही सावकाश. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. गाडी भाड्याने घ्यावी का ट्रेन बरी? त्या दिवसांत पाऊस किती असतो आणि अंधार किती वाजता पडतो? आणि मुख्य म्हणजे कुठली गावं? सिएना, आसिसी, लुक्का, सान जिमिन्यानो, ऑर्व्हिएतो, मातेरा इतकी नावं वाचलीत की आता सगळी सारखीच वाटायला लागलीत. ज्यांनी इमारती बघायच्या म्हणून प्रवास केलाय त्यांनी प्लीज लिहा.

फोर्टप्रेमी

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण आर्किटेक्चरसाठी इटलीला जाणारे लोक सुद्धा बहुतेक वेळा घाईच करतात. मी व्यवसायाने आर्किटेक्ट आहे त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे सात गावं नका घेऊ, तीन घ्या: ऑर्व्हिएतो, सिएना, बोलोन्या. रोमहून वर जाताना तिन्ही ओळीने लागतात, तिन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत, आणि तिन्ही गावांत एक गोष्ट समान आहे जी आईंना नक्की आवडेल, ती म्हणजे गावाने बसून ठरवलं की आपण कसं दिसायचं आणि कसं जगायचं, आणि ते ठरवलेलं सातशे वर्षांनंतरही तसंच्या तसं रस्त्यावर दिसतं.

सिएनाचंच घ्या. पियात्सा देल काम्पो हा चौक शिंपल्यासारखा एका बाजूला उतरता आहे, विटांची फरसबंदी आणि त्यात पांढऱ्या दगडाच्या रेघांनी केलेले नऊ भाग. नऊच का, तर १२८७ पासून १३५५ पर्यंत गावाचा कारभार नऊ जणांचं मंडळ बघायचं, त्यांच्याच काळात हा चौक घडला. आता गंमत बघा, १२९७ साली त्यांनी नियम केला की चौकाच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांच्या खिडक्या मधोमध छोटे खांब असलेल्याच हव्यात आणि पुढे गॅलऱ्या काढायच्या नाहीत. म्हणजे श्रीमंत माणसाला घर बांधायची मुभा होती पण चौकाचा चेहरा बिघडवायची नव्हती. तुम्ही खाली विटांवर बसून मान वर करून एकेक खिडकी बघत गेलात की तो नियम अजून दिसतो. समोर नगरपालिकेचा वाडा, पालाझ्झो पुब्लिको, त्याचा मनोरा तोर्रे देल मान्जा सुमारे ८७ मीटर उंच आहे. त्यावर आईंना नेऊ नका, जिना अरुंद आणि चारशे पायऱ्यांच्या आसपास. पण वाड्याच्या आतलं म्युझियम चुकवू नका. तिथे आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, चांगलं राज्य असलं की शहर कसं दिसतं आणि वाईट राज्य असलं की काय होतं. चांगल्या राज्याच्या शहरात गवंडी पराती घेऊन छतावर काम करतायत, दुकानं उघडी आहेत, मुली नाचतायत, शेतकरी वेशीतून माल आणतायत. इतिहास शिकवलेल्या माणसाला त्या एका खोलीत दुपार घालवता येईल. ते चित्र ज्या कारभाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे तेच ते नऊ जण, रोज त्याच्यासमोर बसून निर्णय घ्यायचे.

मग कॅथीड्रल. पांढऱ्या आणि जवळजवळ काळ्या हिरव्या संगमरवराचे पट्टे, आत शिरल्यावर खांबसुद्धा पट्ट्यांचे. जमिनीवर संगमरवरात कोरलेली मोठमोठी चित्रं आहेत पण ती वर्षाचा बराच काळ झाकून ठेवतात, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी असतात, तुम्ही जाल तेव्हा बरीचशी झाकलेली असतील हे मनात धरून जा. त्याऐवजी बाहेर येऊन कॅथीड्रलकडे तोंड करून उजवीकडची अर्धवट भिंत बघा. १३३९ मध्ये सिएनाकरांनी ठरवलं की आत्ताचं कॅथीड्रल लहान पडतंय, म्हणून याला नव्या प्रचंड चर्चची फक्त आडवी बाजू करायची. काम सुरू झालं, कमानी उभ्या राहिल्या, आणि १३४८ मध्ये प्लेग आला. गावातली खूप माणसं गेली आणि ते काम तिथेच थांबलं. ती उंच एकटी भिंत आणि तिच्या आतली मोकळी जागा, जिथे आता लोक चालतात, ती मला सिएनातली सगळ्यात बोलकी इमारत वाटते. आईंना तिथे एखाद्या पायरीवर बसवा आणि ही गोष्ट सांगा, वर चढायची गरज नाही.

ऑर्व्हिएतो रोमहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास. गाव ज्वालामुखीच्या मऊ दगडाच्या पठारावर आहे, चारी बाजूंनी कडे, आपल्याकडच्या किल्ल्यांसारखा नैसर्गिक तट. स्टेशन खाली आणि गाव वर, पण स्टेशनच्या समोरूनच फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर जाते त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही, वर पोचल्यावर छोटी बस कॅथीड्रलपर्यंत नेते. कॅथीड्रल १२९० मध्ये सुरू झालं, त्याचं दर्शनी अंग सोनेरी मोझॅइकचं आणि तोंड पश्चिमेला, म्हणून तिथे सकाळी जाऊ नका, दुपारी उशिरा जा. शरद ऋतूतलं ऊन तिरकं असतं, ते त्या सोनेरी तुकड्यांवर पडतं तेव्हा समोरच्या दगडी बाकावर बसून राहावंसं वाटतं. खालच्या बाजूला लोरेन्झो मायतानीच्या काळात कोरलेले संगमरवरी पट आहेत, उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायापर्यंत, माणसाच्या उंचीवर असल्याने अगदी जवळून बघता येतात.

आणि विहीर! पोत्झो दि सान पात्रीत्स्यो. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवा ऑर्व्हिएतोला आला, आणि गावाला वेढा पडला तर पाण्याचं काय या काळजीने त्याने विहीर खणायला लावली. आंतोन्यो दा सान्गाल्लो धाकटा याने आराखडा केला, काम १५३७ पर्यंत चाललं. खोली ५३ मीटर, आणि आत दोन गोल जिने एकमेकांभोवती गुंडाळलेले, प्रत्येकी २४८ पायऱ्या, एकाने खेचरं रिकामी उतरायची आणि पाणी घेऊन दुसऱ्याने वर यायची, म्हणजे वाटेत समोरासमोर गाठच नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर आईंनी पाहिली असेल तर त्यांना हे लगेच कळेल, तिथे बैल काठावर चालून मोटेने पाणी वर ओढायचे, इथे जनावरच खाली पाण्यापाशी जायचं. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, आणि दोन्ही किती देखणी. पायऱ्या खेचरांसाठी असल्याने रुंद आणि उतरत्या आहेत तरी २४८ परत चढायच्या आहेत, त्यामुळे आईंनी वरच्या खिडक्यांतून डोकावून बघावं, तुम्ही दोघं खाली जाऊन या.

सान जिमिन्यानो सुंदर आहे, एकेकाळी सत्तरच्या आसपास मनोरे होते त्यातले १४ उरलेत, पण दिवसा टूर बसेस येतात आणि सगळं चढउताराचं आहे. वेळ उरला तर. बोलोन्याबद्दल कोणीतरी माझ्यापेक्षा जास्त जाणणारं इथे लिहील असं वाटतं.

गोरेगावकर_पूर्व

बोलोन्यावर मी लिहितो. आमचा मुलगा तिथे शिकायला होता म्हणून आम्ही तिथे राहून आलो, गावाची चांगली ओळख झाली.

तुम्ही पावसाचं विचारलंत ना, तर नोव्हेंबर हा इटलीच्या बऱ्याच भागात जास्त पावसाच्या महिन्यांपैकी एक, ऑक्टोबरचा शेवटही कधी कोरडा कधी ओला. आपला जुलैसारखा कोसळत नाही, पण दिवसभर झिमझिम आणि गारवा, दगडी रस्ते निसरडे होतात, म्हाताऱ्या माणसाला ते त्रासाचं. म्हणूनच शेवटचे दिवस बोलोन्यात काढा. या गावात कमानींच्या खालून चालता येतं, सगळे मिळून ६२ किलोमीटर पोर्टिको आहेत आणि त्यातले ३८ किलोमीटर जुन्या गावात, २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. तुम्ही सकाळी छत्री न घेता निघून संध्याकाळी कोरडे परत येऊ शकता, आणि जमीन सपाट.

हे कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे. विद्यापीठामुळे (१०८८ हे त्याचं परंपरेने मानलेलं साल) गावात माणसं वाढली, जागा कमी पडली, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, मग ते पडू नयेत म्हणून खालून लाकडी खांब दिले. दुसऱ्या गावांनी असली वाढीव बांधकामं पाडली. बोलोन्याने १२८८ मध्ये उलट नियम केला की नवीन घर बांधाल तर पुढे पोर्टिको पाहिजेच, आणि त्याखालून घोड्यावरचा माणूस जाऊ शकेल इतका उंच पाहिजे. जागा घरमालकाची, देखभाल त्याची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. स्त्रादा माज्जोरेवर कासा इझोलानी म्हणून घर आहे तिथे तेराव्या शतकातले ओकचे उंचच उंच लाकडी खांब अजून उभे आहेत, ते आईंना हात लावून बघू द्या.

आपल्या दादाभाई नौरोजी रोडवरून सीएसएमटीकडे जाताना ज्या कमानींखालून आपण रोज चालतो ना, तिथेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आर्केड ठेवायची सक्ती होती, म्हणूनच वेगवेगळ्या मालकांच्या इमारती असूनही खालचा रस्ता सलग आहे. आज तिथे स्टॉल आणि गर्दीमुळे कोणी मान वर करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. निघायच्या आधी एका रविवारी सकाळी आईंना फोर्टात घेऊन जा. युनिव्हर्सिटी लायब्ररी आणि राजाबाई टॉवर, शेजारचं जुनं सेक्रेटरिएट, ही सगळी व्हेनेशियन गॉथिक वळणाची, आणि सीएसएमटीचा नकाशाच मुळी मध्ययुगीन इटालियन नमुन्यांवर बेतलेला असं युनेस्कोच्या नोंदीतही आहे. टोकदार कमान, दोन रंगांचे दगड आलटून पालटून, खिडकीतला बारीक खांब, हे सगळं आधी इथे बघून गेलात की सिएनात आईंना सगळं ओळखीचं वाटेल.

बोलोन्यात सान पेत्रोन्यो चर्चचं दर्शनी अंग अर्धंच संगमरवरी आहे, वरचा भाग नुसत्या विटा, कधी पूर्णच झालं नाही. आत जमिनीवर कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ मध्ये आखलेली सूर्यरेषा आहे, जवळजवळ ६७ मीटर लांब, छतातल्या भोकातून ऊन येतं आणि दुपारी ते त्या रेषेवरून सरकतं. ढग नसतील त्या दिवशी दुपारच्या आत जाऊन थांबा. दोन कलत्या मनोऱ्यांचं सांगायचं तर गारिझेन्दा जास्त धोकादायक झाल्यावर ऑक्टोबर २०२३ पासून तो परिसर बंद केला, दुरून बघायचं. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत पोर्टिकोच जातो, ६६६ कमानी, पावणेचार किलोमीटरच्या आसपास, शेवटी बराच चढ. मेरीचं चित्र मिरवणुकीने गावात आणतात, तिला पाऊस लागू नये म्हणून लोकांनी पैसे आणि श्रम घालून ही वाट छपरासकट बांधली. आईंना पियात्सा माज्जोरेतून टूरिस्टांची छोटी गाडी जाते त्याने वर न्या आणि तुम्ही चालत उतरा.

आणि एक दिवस ट्रेनने राव्हेन्नाला जाच. तासाभराचा प्रवास, गाव पूर्ण सपाट, बाहेरून विटांच्या साध्या बुटक्या इमारती, त्यात शिरलं की पाचव्या-सहाव्या शतकातली मोझॅइक. गाल्ला प्लाचीदियाची समाधी म्हणून ओळखतात ती इमारत अगदी लहान, खिडक्यांना अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ पत्रे त्यामुळे आत मधासारखा उजेड, आणि वर निळ्या घुमटात सोन्याचे तारे. सान व्हिताले ५४७ मध्ये पवित्र झालं, त्यात सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासकट तुमच्याकडे बघत उभे. जिना नाही, पाऊस लागत नाही. माझ्या मते आईंच्या संपूर्ण ट्रिपमधला हा सर्वात चांगला दिवस असेल.

शिवाजीपार्क_कट्टा

सगळे उत्तरेचंच सांगतायत, मी दक्षिणेची बाजू मांडते. मातेरा बघितल्याशिवाय इटलीतलं जुनं गाव म्हणजे काय ते कळत नाही असं मला मनापासून वाटतं. घळीच्या कडेला मऊ चुनखडीत कोरलेली घरं, एकावर एक, एकाचं छप्पर म्हणजे दुसऱ्याचं अंगण. आत देवळंही कोरीव, भिंतींवर बायझंटाइन चित्रं. १९५० च्या दशकात सरकारने कायदा करून हजारो लोकांना तिथून बाहेर काढलं कारण आत माणसं आणि जनावरं एकाच खोलीत, आजार आणि बालमृत्यू फार. मग १९९३ मध्ये तेच गाव युनेस्कोच्या यादीत आलं. एवढा मोठा फेरा एका पिढीने बघितला.

ज्यांनी कान्हेरीला प्रत्येक गुंफेच्या दाराशी कोरलेली पाण्याची टाकी बघितली आहेत, डोंगरावरून येणारा पाऊस चर खणून टाक्यांत नेलेला बघितलाय, त्यांना मातेरात लगेच कळतं की गाव कशावर उभं आहे. मुख्य चौकाखाली पालोम्बारो लुन्गो नावाचं टाकं आहे, त्यात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावायचं, तळघरात उतरून त्याच्या कडेने चालता येतं. घरोघरीसुद्धा वेगळी टाकी. बारीहून छोट्या गाडीने जाता येतं, आणि दक्षिणेला ऑक्टोबर अखेरही हवा जास्त उबदार असते.

फोर्टप्रेमी

मातेराबद्दल एक अक्षरही खोटं नाही, माझंही फार आवडतं गाव आहे. पण या ट्रिपमध्ये नको असं मी आग्रहाने म्हणेन. तिथे रस्ता म्हणजेच जिना आहे, हॉटेलच्या खोलीत जायलाही बऱ्याच वेळा पायऱ्या, आणि ओल्या चुनखडीवर पाय सरकतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेलं तर ती वरच्या चौकातल्या कठड्यावरून गाव बघत बसणार आणि तुम्ही दोघं खाली फिरणार, ते आईंना चांगलं वाटणार नाही. शिवाय रोम ते बोलोन्या या रेषेच्या एकदम उलट दिशेला. मातेरा, लेच्चे, त्रानी अशी वेगळी दक्षिणेची ट्रिप करा मार्चमध्ये.

आसिसीसाठी मात्र एक शब्द. बॅसिलिका १२२८ मध्ये सुरू झाली, वरच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या आयुष्यावरची चित्रमाला आहे. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात छताचा भाग कोसळला, आत असलेली चार माणसं गेली आणि भित्तिचित्रांचे हजारो बारीक तुकडे झाले, ते तुकडे वेचून, रंग जुळवून पुन्हा छतावर बसवले. जिथे जुळलं नाही तिथे तसंच रिकामं ठेवलंय. ज्यांना जतनाच्या कामाची ओढ आहे त्यांनी ते छत बघावंच. गाव उताराचं आहे म्हणून मी पहिल्या तिनात घातलं नाही.

मुलुंडची_भटकी

सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली विहीर आणि राव्हेन्ना नक्की, आणि त्या खोलीतली चांगल्या राज्याची चित्रं. म्हणजे ऑर्व्हिएतो दोन रात्री, सिएना तीन, बोलोन्या चार आणि त्यातला एक दिवस राव्हेन्ना असं धरते. मातेरा पुढच्या वेळी, ताई तुमचं वाचून नवरा खूप पेटलाय.

आता खाणं, गाडी की ट्रेन, कपडे आणि बाकीच्या बारीक गोष्टी कोणी सांगेल का? आणि लुक्का एक दिवस जोडावं का, तटबंदीवरून सायकल चालवता येते असं वाचलं, ती सपाट आहे ना?

रेल्वेवेडा_ठाणे

लुक्का सपाट आहे, तट ४ किलोमीटरहून थोडा जास्त, वर झाडं लावलेला रुंद रस्ता, आईंना चालायला उत्तम. पण तारखा सांभाळा. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे कॉमिक्सचा प्रचंड मोठा उत्सव असतो, सगळं जुनं गाव माणसांनी भरतं, त्या दिवसांत राहायला आणि ट्रेनमध्ये जागा मिळणं कठीण. तुमची नेमकी तीच वेळ येते, म्हणून या वेळी सोडा.

गाडी नको. या जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, प्रवेशावर कॅमेरे असतात, चुकून शिरलात तर दंडाचं पत्र नंतर घरी येतं. ट्रेनचं असं आहे: रोमहून ऑर्व्हिएतो साधी प्रादेशिक गाडी. ऑर्व्हिएतोहून सिएनाला जाताना क्युझीला गाडी बदलायची, वाटेतले डोंगर त्या दिवसांत पिवळे-तांबडे झालेले असतात, घाई नको. सिएनाहून फ्लॉरेन्सला ट्रेनऐवजी बस घ्या, कारण सिएनाचं स्टेशन गावाच्या खाली आहे आणि बस जुन्या गावाच्या काठावरून सुटते. फ्लॉरेन्सहून बोलोन्या हायस्पीडने चाळीस मिनिटांच्या आत. बोलोन्याहून दुबईला थेट विमान आहे, तिथून मुंबई, म्हणजे परत रोमला यायची कटकट नाही.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारायलाच हवा. हायस्पीडचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त, प्रादेशिकचं आधी काढून काही फायदा नाही. मोठ्या चार चाकांच्या बॅगा दगडी गल्ल्यांत त्रास देतात, माणशी एक मध्यम बॅग आणि सॅक.

अंधाराचं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी सूर्यास्त सहाच्या पुढे, त्यानंतर पाचच्या सुमारास. भारतातला फरकही साडेतीन तासांवरून साडेचार होतो, घरी फोन करताना लक्षात ठेवा. म्हणून बाहेरच्या इमारती आणि चौक दुपारी चारच्या आत, म्युझियम त्यानंतर. बरीच चर्च दुपारी बारा-साडेबारा ते तीन बंद असतात, तेवढा वेळ जेवणात घालवा. १ नोव्हेंबर सुट्टी असते, त्याच्या आसपास दुकानांत शेवंतीच्या कुंड्यांचे ढीग दिसतील, ती स्मशानात वाहायला नेतात, तेव्हा घरमालकिणीला प्रेमाने शेवंती द्यायला जाऊ नका.

व्हिसाला सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, दिवाळीच्या आधी मुंबईत अपॉइंटमेंट फार लवकर भरतात त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच करून टाका. इन्शुरन्स ३०,००० युरोचं लागतं.

शिवाजीपार्क_कट्टा

खाण्याचं मी सांगते, शरद ऋतू हा शाकाहारी माणसासाठी तिथला सगळ्यात चांगला काळ. ऑर्व्हिएतो आणि सिएनाच्या पट्ट्यात ऑक्टोबरअखेर ऑलिव्ह काढणी सुरू असते, नव्या तेलाला घशात जरा खवखवणारा तिखटपणा असतो, भाजलेल्या पावावर लसूण घासून ते तेल आणि मीठ, एवढंच मागवा. सिएनात पीची नावाचा हाताने वळलेला जाड पास्ता, तो लसूण-टोमॅटोच्या रश्शात मागा. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, बीन्स आणि गडद हिरव्या पानांच्या कोबीचं दाट सूप, आपल्या फोडणीच्या पोळीसारखं कालचं अन्न जास्त चवदार करणारं. पोर्चिनी अळंबी, रस्त्यात भाजलेली चेस्टनट.

बोलोन्या मांसाहाराचं गाव आहे, तिथे तोर्तेल्लिनीत मांस असतं, तुम्ही रिकोत्ता भरलेले मोठे तोर्तेल्लोनी मागा, लोणी आणि सेजच्या पानांतले. सूप किंवा रिझोत्तो मागवताना ब्रोदो म्हणजे स्टॉक कशाचा आहे ते विचारा, भाजीचं दिसलं तरी स्टॉक मांसाचा असू शकतो. कडक शाकाहारी असाल तर पार्मेझान चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) असतं हेही माहीत असू द्या. संध्याकाळी साडेसातच्या आधी स्वयंपाकघरं उघडत नाहीत, आईंना लवकर जेवायची सवय असेल तर सकाळीच फळं, दही, पाव आणून ठेवा.

गोरेगावकर_पूर्व

कपड्यांबद्दल राहिलं. दिवसा १८-२० अंश आणि रात्री १० च्या खाली, नोव्हेंबरात आणखी उतरतं. दगडी घरं आतून गार असतात, आणि तिथे हीटिंग कधी सुरू करायचं हे कायद्याने भागाभागाप्रमाणे ठरलेलं असतं, बोलोन्याच्या पट्ट्यात साधारण १५ ऑक्टोबरपासून, फ्लॉरेन्स-सिएनात १ नोव्हेंबरपासून. म्हणजे तुमच्या सिएनाच्या रात्री हीटर बंद असायची शक्यता आहे. बुकिंग करताना जादा ब्लँकेट आणि एसीवर गरम हवा मिळेल का ते विचारून घ्या, आईंना थर्मल, लोकरीचे मोजे आणि तळाला रबराची पकड असलेले बूट. आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटमधून एकदम तिथे उतरल्यावर पहिल्या दोन रात्री जास्त थंडी वाजते.

मुलुंडची_भटकी

एकच शेवटचं, सिएनात नेमकं कुठे राहायचं? चौकाच्या जवळ पाहिजे असं आई म्हणते, पण चढ?

रेल्वेवेडा_ठाणे

काम्पो खोलगट भागात आहे, त्यामुळे तिथे राहिलात तर बाहेर पडताना प्रत्येक वेळी चढ. पियात्सा ग्राम्शी आणि बान्की दि सोप्रा रस्त्याच्या आसपास बघा, तिथून काम्पो चालत दहा मिनिटं, फ्लॉरेन्सची बस अगदी जवळ, आणि तो मुख्य रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो त्यामुळे त्यातल्या त्यात सपाट. ऑर्व्हिएतोहून ट्रेनने आलात तर सिएना स्टेशनच्या समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची रांग वर जुन्या गावाच्या कामोल्लिया वेशीच्या बाजूला नेते, पण बॅगा घेऊन आईंसोबत तो नाद नका करू, स्टेशनबाहेर टॅक्सी मिळते ती घ्या. इमारतीला लिफ्ट आहे का हे लेखी विचारा, जुन्या घरांत तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि लिफ्ट नाही असं सर्रास असतं.